पोटाखालची पत्री

फिनिक्सच्या उत्तरेला ब्रॅडशॉ डोंगरातून क्राउन किंग गावाकडे जाणारी मागची वाट आहे. गेल्या हिवाळ्यात त्या वाटेवरून परतल्यावर मी घरच्या गॅरेजात पुठ्ठा अंथरून आमच्या साइड-बाय-साइडखाली, म्हणजे शेजारी-शेजारी बसून डोंगरवाटांवर न्यायच्या छोट्या गाडीखाली शिरले. पोटाखाली कारखान्यातून लागून आलेली प्लास्टिकची प्लेट एका स्क्रूपासून दुसऱ्या स्क्रूपर्यंत सरळ तडकली होती. दोन स्क्रू वाटेतच गळले होते. भेगेतून फ्रेमचा पाइप दिसत होता. त्याचा रंग खरवडून निघाला होता आणि एके ठिकाणी अंगठा बसेल एवढा पोचा पडला होता. मी त्या पोच्यात अंगठा ठेवला आणि तोंडातून शब्द आला, "चेंबर." या गाडीचं इंजिन आसनांच्या मागे असतं, चेंबरला काहीही झालं नव्हतं. पण गाडीच्या पोटाला मार लागला की मला तोच शब्द आठवतो, कारण मी साताऱ्याच्या एका जीप गॅरेजात वाढले.

आमच्या अण्णांचं ते गॅरेज हमरस्त्याला लागून होतं. इंजिनखालच्या ज्या भांड्यात तेल साठतं त्याला आपल्याकडचे मेकॅनिक चेंबर म्हणतात. कास, बामणोलीकडून, कोयनेच्या खोऱ्यातून येणाऱ्या जीपांचं ठरलेलं दुखणं म्हणजे फुटलेला चेंबर. जांभ्याचा एखादा दगड चाकाखालून उसळायचा किंवा चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा पोटाला घासायचा. मग ड्रायव्हर भेगेत अंगाचा साबण कोंबून कसंबसं गॅरेजपर्यंत यायचा. अण्णा आधी चेंबर उतरवून झाळ मारायचे आणि नंतर विचारायचे, "गार्ड लावायचा का?" हो म्हटलं की माझं काम सुरू व्हायचं. मी बारीक होते, त्यामुळे पुठ्ठ्याचा साचा धरून खाली सरकणं मला जमायचं. खडूने बोल्टांच्या जागा खुणावायच्या, साचा बाहेर आणायचा. मग अण्णा भंगारातून आणलेल्या जुन्या ट्रकच्या चॅसीचा तुकडा कापायचे, कडा वर वाकवायचे आणि तेल काढायच्या बोल्टासमोर एक भोक पाडायचे. ते भोक त्यांनी कधीच चुकवलं नाही. "उघडून बघता आलं नाही तर राखणार कसं?" असं ते म्हणायचे.

समोरच्या चिंचेखाली गळीत हंगामाच्या तोंडावर नालबंद येऊन बसायचे. ऊसगाड्यांचे बैल दोराने पाडून त्यांच्या खुरांना पत्र्या ठोकायचे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. शेतात राबणाऱ्या बैलाला काळ्या मऊ मातीत पत्री लागत नाही. तोच बैल डांबरी रस्त्यावर उसाची गाडी ओढायला लागला की आठवड्यात खूर झिजतो. जमीन बदलली की पायाखालचं लोखंड बदलतं, हे मी तिथे बघून शिकले. पुढे गाड्यांच्या प्लेटांचा इतिहास वाचू लागले तेव्हा प्रत्येक टप्प्यावर तेच सूत्र सापडत गेलं.

हा इतिहास सैन्यातून सुरू होतो. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाकांना जोर असलेल्या टेहळणी गाडीची मागणी काढली. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बॅन्टम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिला नमुना चाचणीसाठी पोचला. पुढे विलीस आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. त्या जीपच्या पोटाखाली एक साधी, हुशार गोष्ट होती. गिअर बॉक्स आणि ट्रान्स्फर केसला आधार देणारी चॅसीची आडवी पट्टी रुंद करून खालून बशीसारखी वाकवली होती. जो भाग वजन पेलतो तोच दगडावरून घसरतोही. वजन कमी ठेवायचा तगादा होता, म्हणून एका लोखंडाकडून दोन कामं करून घेतली.

युद्धानंतर या जीपा शेतकऱ्यांच्या आणि खनिज शोधणाऱ्यांच्या हाती आल्या. १९५२ मध्ये युटातल्या मोआबजवळ चार्ली स्टीनला युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि त्या लाल दगडांच्या प्रदेशात जीपा घेऊन माणसं धावली. त्यांनी पाडलेल्या वाटा खाणी बंद पडल्यावरही राहिल्या. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात रुबिकॉनच्या वाटेवर पहिली 'जीपर्स जॅम्बोरी' भरली आणि १९६७ मध्ये मोआबला ईस्टर जीप सफारी सुरू झाली. जिथे पूर्वी नाइलाज म्हणून जावं लागायचं तिथे लोक आनंदासाठी जाऊ लागले. कामाला निघालेला माणूस मोठा दगड दिसला तर वळसा घालतो. हौसेने निघालेला मुद्दाम त्यावर चढतो. मग सैन्याची ती एक बशी पुरेना. गावोगावच्या वेल्डरांनी चेंबरखाली, पेट्रोलच्या टाकीखाली, डिफ्रन्शलखाली पोलादी पत्रे जोडायला सुरुवात केली. अण्णा भंगारातून जे करायचे तेच हेही करत होते.

त्याच १९६७ च्या शेवटी मेक्सिकोत टिहुआनाहून ला पाझपर्यंत पहिली बाहा शर्यत झाली. ती जिंकली ब्रूस मेयर्स यांच्या मँक्स बग्गीने, २७ तास ३८ मिनिटांत. मँक्स उभी होती फोक्सवॅगन बीटलच्या आखूड केलेल्या सपाट तळावर. वाळवंटातल्या शर्यतीत सपाट पोट घसरत पुढे जातं, पण इंजिन मागे उघडं लोंबतं, म्हणून त्याच्याखाली प्लेट आली. शर्यतीला पोलादाचं वजन परवडत नाही, त्यामुळे तिथे अॅल्युमिनियमला मान मिळाला.

साइड-बाय-साइड या सगळ्यांच्या मागून आली. १९८८ मध्ये कावासाकीने म्यूल बाजारात आणली. दोघांनी शेजारी बसायचं, मागे हौदा, शेतात चारा-खतं वाहायची. यामाहाची र्‍हायनो २००३ मध्ये आली आणि पोलारिसने २००७ मध्ये आरझेडआर आणली. तिची रुंदी मुद्दाम ५० इंच ठेवली होती, कारण अमेरिकेतल्या अनेक जंगलवाटांवर तेवढ्या रुंदीपर्यंतच्याच गाड्यांना परवानगी होती. शेतातली गाडी बघता बघता डोंगरात शिरली. माती बदलली आणि पत्रीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. या गाड्यांची फ्रेम पाइपांची असते आणि खालचे पाइप संपूर्ण पोटभर पसरलेले असतात. गाडी लांब असली की पुढची चाकं उंचवटा ओलांडतात आणि मागची चढायच्या आत पोट टेकतं. कारखान्याची पातळ प्लेट चिखल आणि खडी अडवते. साडेसातशे किलोंचं धूड धारदार ग्रॅनाइटवर टेकलं की तिचा निभाव लागत नाही.

म्हणून मी तीन तुकडे मागवून टेबलावर मांडले: पोलाद, अॅल्युमिनियम आणि यूएचएमडब्ल्यू नावाचं पांढरट, मेणासारखं लागणारं प्लास्टिक. एका चौरस मीटरचं वजन काढलं. ३/१६ इंच पोलाद सुमारे ३७ किलो, तेवढंच जाड अॅल्युमिनियम १३ किलो आणि अर्ध्या इंचाचं प्लास्टिक १२ किलो. पोलाद वाकतं आणि ठोकून सरळ होतं, पण एवढं वजन कमानींवर टाकायला या गाडीचा जीव लहान. अॅल्युमिनियम ताठ असतं, पण मऊ धातू खडबडीत दगडाला चावतो. गाडी घसरायच्या ऐवजी अडकते आणि घासण्याचा आवाज दातांत जातो. प्लास्टिक दगडावरून सरकतं, ओरखडे अंगावर घेतं आणि दणका बसला की लवून परत जागेवर येतं.

हे तिसरं द्रव्य मला आधीपासून ओळखीचं होतं. पुण्यात आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा डॉक्टरांनी सांध्याचा नमुना तिच्या हातात दिला होता. दोन चकचकीत धातूंच्या मध्ये एक पांढरी चकती. आईने ती अंगठ्याने चोळून बघितली आणि म्हणाली, "साबणाच्या वडीसारखी आहे गं." ती चकती याच प्लास्टिकची होती. १९५३ मध्ये कार्ल झीग्लर यांनी पॉलिइथिलीनच्या लांबच लांब साखळ्या जोडायचा उत्प्रेरक शोधला. इंग्लंडात जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्यासाठी आधी टेफ्लॉन वापरून पाहिलं होतं. ते झिजलं, म्हणून १९६२ मध्ये ते या द्रव्याकडे वळले. वर्षानुवर्षं घासलं जाऊनही टिकायचं, हेच खुब्याला हवं होतं. डोंगरातल्या गाडीच्या पोटालाही तेच हवं असतं.

या प्लास्टिकचे दोष मात्र समजून घ्यावे लागतात. ते उन्हाने खूप फुगतं. दीड मीटरची प्लेट ३० अंशांच्या फरकाने सहा-सात मिलिमीटर वाढते, पोलाद त्याच फरकाने अर्धा मिलिमीटर. फिनिक्सच्या उन्हाळ्यात गोल भोकांत घट्ट आवळलेली प्लेट बोल्टांमध्ये फुगून लाटेसारखी वर येते. म्हणून भोकं लांबट हवीत, वॉशर रुंद हवेत आणि बोल्टांची डोकी प्लेटच्या आत बुडलेली हवीत, नाहीतर पहिलाच दगड ती तासून नेतो. शिवाय प्लेटच्या वर चिखल आणि वाळलेलं गवत साठतं. गरम इंजिनाखाली वाळलेलं गवत म्हणजे आगीला आवतण. आत पाणी मारून सगळं धुऊन काढता येईल अशा खिडक्या प्लेटला असायलाच हव्यात. ज्यांना फक्त ग्लॅमिससारख्या वाळूच्या टेकाडांवर जायचं आहे त्यांनी एवढी जाड प्लेट घेऊच नये. तिथे वजन हाच शत्रू आहे.

या इतिहासाला एक वळसा आहे, तो मला मनापासून प्रिय आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने माझगावात विलीसच्या सुट्या भागांतून जीपा जोडायला सुरुवात केली. त्यांचीच पुढची पिढी अण्णांच्या गॅरेजात यायची. त्या वंशातल्या थारच्या पायावर महिंद्राने रॉक्सर बांधली आणि २०१८ मध्ये डेट्रॉइटजवळच्या ऑबर्न हिल्समध्ये तिची जुळणी सुरू केली. अमेरिकेत ती रस्त्यावरची मोटार म्हणून विकली गेली नाही. ती विकली गेली साइड-बाय-साइड म्हणून. रूप जीपसारखं असल्याचा वाद व्यापार आयोगापुढे गेला आणि तिचा चेहरा बदलावा लागला. तरी दोन सरळ अॅक्सल आणि कमानीचे पाटे घेऊन ती इथल्या वाटांवर दिसते. ती दिसली की मी वाकून तिच्या पोटाखाली बघते.

आमच्या गाडीला मी अर्ध्या इंचाची प्लास्टिकची प्लेट लावली. आधी पुठ्ठ्याचा साचा केला, खडूने बोल्ट खुणावले. भोकं लांबट केली. शेवटी तेलाच्या बोल्टासमोर एक मोठं भोक पाडलं आणि कडा कानशीने मऊ केली. मग गाडीखाली आडवी होऊन पान्हा त्यातून वर घातला. तो बोल्टावर नीट बसला आणि सहज फिरला.