नळ, पेव आणि संगणकाची साठवण



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि सनदा उभ्या राहतात. सातारा-सांगलीकडे तर हे सांगावयास नकोच. परंतु यंत्रांनाही इतिहास असतो, आणि तो माणसाच्या जुन्या व्यवहारांहून फारसा निराळा नसतो. संगणकातील 'पाइप', म्हणजे नळ, आणि 'बफर', म्हणजे आलेला माल तात्पुरता ठेवण्याची स्मृतीतील जागा, हा आजचा विषय आहे.

यांपैकी दुसरी कल्पना सांगली भागास मुळीच नवी नाही. हळद हंगामात एकदम येते. व्यापार मात्र वर्षभर चालतो. या दोहोंचा मेळ हरिपूरच्या पेवांनी घातला. जमिनीत खोल खणलेल्या पेवात हळद साठवावयाची आणि मागणी येईल तशी काढावयाची. आवक एका वेगाने आणि उचल दुसऱ्या वेगाने होत असेल, तर मध्ये साठवण लागते. बफर तो हाच.

आता नळाची कथा. 1964 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी एक टिपण लिहिले. बागेतील रबरी नळीस जसा दुसरा तुकडा जोडता येतो, तसा एका प्रोग्रॅमला दुसरा जोडता यावा, असा त्यांचा आशय होता. टिपण नऊ वर्षे तसेच राहिले. मध्यंतरी, 1969 साली, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी त्याच प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीचा पाया घातला. आणि 1973 च्या आरंभी थॉम्प्सन यांनी तीत नळ बसविला. एकाने लिहावे, दुसऱ्याने वाचावे, अशी ही सोय होती. मधली साठवण लहान असे. 1975 च्या सहाव्या आवृत्तीत ती 4096 बाइटांची होती. ती भरली की लिहिणारा थांबे. रिकामी झाली की वाचणारा थांबे. पुढे लिनक्स प्रणालीत 2005 साली ही मर्यादा 65,536 बाइटांपर्यंत वाढली. रीत मात्र तीच राहिली.

या रीतीत एक मेख आहे. नळाकडे हजार बाइट मागितले म्हणजे हजारच मिळतील, असे नाही. त्या क्षणी तीनशे आले असतील, तर तीनशेच हाती पडतात. घागर पुरती भरली काय, हे पाणी सांगत नाही. भरणाऱ्यानेच पाहावे लागते. म्हणून किती आले ते मोजावयाचे आणि उरलेल्यासाठी पुन्हा वाचावयाचे. पलीकडची सारी तोंडे मिटली आणि आतले संपले, की वाचनाचे उत्तर शून्य येते, तोच शेवट.

1993 च्या सुमारास जागतिक जाळ्यातील सर्व्हर दुसऱ्या प्रोग्रॅमांकडून पाने तयार करून घेऊ लागले. त्यास सीजीआय असे नाव मिळाले. तेथे बहुधा असेच नळ वापरले जात. सर्व्हर एका नळातून मजकूर पाठवी, प्रोग्रॅम दुसऱ्यातून उत्तर देई. सर्व्हर आधी सगळा मजकूर पाठवूनच उत्तर वाचू म्हणाला, आणि प्रोग्रॅम मजकूर पुरता न वाचता उत्तर लिहीत सुटला, तर दोन्ही नळ तुंबतात. दोघेही एकमेकांसाठी खोळंबतात, आणि दोष मात्र कोठेच दिसत नाही! यावर उपाय जुनाच होता. 1983 च्या बर्कली युनिक्समध्ये 'सिलेक्ट' ही सोय आली होती. तिच्यायोगे अनेक नळांवर एकदम नजर ठेवता येते, आणि जो तयार असेल त्याचेच काम करता येते.

तुंबण्याहून वाईट ते ओसंडणे. 2 नोव्हेंबर 1988 रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्रॅम अमेरिकेतील संगणकांत पसरला. त्याची एक वाट 'फिंगर' नावाच्या सर्व्हरमधून होती. मजकूर येथे नळातून नव्हे, दूरच्या यंत्राकडून येत असे. पण साठवणीची चूक तीच. जागा 512 बाइटांची, आलेला मजकूर 536 बाइटांचा, आणि वाचणारे 'गेट्स' हे फंक्शन जागा किती हे विचारीतच नसे. जादा 24 बाइट शेजारच्या स्मृतीवर पडले आणि यंत्राचा ताबा परक्याकडे गेला. हे फंक्शन सी भाषेच्या प्रमाणग्रंथातून निघावयास 2011 साल उजाडले.

2005 च्या महापुरात कृष्णेचे पाणी हरिपूरच्या पेवांत शिरले आणि हळदीची मोठी हानी झाली. नदीला मर्यादा घालणे पेवाच्या धन्याच्या हाती नव्हते. सर्व्हर लिहिणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या साठवणीचे माप त्याने स्वतःच ठरविलेले असते. तेव्हा आत किती घ्यावयाचे हे ठरविणेही त्याच्याच हाती असते. पाठविणारा सज्जन असेल, या भरवशावर ते माप सोडून देण्याचा अधिकार त्याला नाही. कारण त्या पेवात ठेवलेला माल बहुधा दुसऱ्याचा असतो.