चंदगडचे गड आणि वन : वारशाच्या एकत्वाचा विचार

ऐतिहासिक स्थळांच्या दर्शनास जाणारा अभ्यासक बहुधा वास्तू पाहतो आणि निसर्गाचा अभ्यासक वन पाहतो. चंदगड तालुक्यात मात्र हा विभाग टिकत नाही. येथील गडांचा अर्थ त्यांच्या भोवतीच्या अरण्यावाचून लागत नाही, आणि अरण्याचा इतिहास गडांवाचून पुरा होत नाही. हे प्रतिपादन स्पष्ट करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा तालुका घाटमाथ्यावर वसलेला आहे. येथे उगम पावणारी ताम्रपर्णी पूर्वेस वाहत जाऊन घटप्रभेस मिळते. पश्चिमेच्या कड्यांवरून उतरणारे पाणी तिलारीच्या खोऱ्यात जाते. या जलविभाजकावरूनच बेळगावचे पठार व कोकण यांना जोडणारा रामघाटाचा जुना मार्ग जात असे. एकोणिसाव्या शतकात आंबोलीचा गाडीरस्ता झाल्यावर त्याचे महत्त्व ओसरले. पारगड, कलानंदीगड, महिपालगड व गंधर्वगड हे चार गड या भूरचनेच्या संदर्भातच पाहिले पाहिजेत.

त्यांपैकी पारगड सर्वांत पश्चिमेस, थेट कड्याच्या धारेवर आहे. गोव्यातील पोर्तुगीज सत्तेवर नजर ठेवण्यासाठी शिवाजी महाराजांनी १६७६ च्या सुमारास तो वसविला आणि १६७० मध्ये कोंढाण्यावर पडलेल्या तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा यांस तेथे किल्लेदार नेमले, अशी परंपरा आहे. चंद्रसूर्य असेतो गड जागता ठेवावा, अशी आज्ञा झाल्याचेही सांगतात. आज्ञेचा समकालीन कागद पुढे नसला तरी परंपरेचा परिणाम डोळ्यांसमोर आहे. मालुसरे, शेलार आदी घराण्यांची वस्ती गडावर टिकली असून भवानीचे मंदिर हे त्या वस्तीचे केंद्र आहे. महिपालगड व गंधर्वगड यांवरही गावे नांदत आहेत. म्हणजे चारांपैकी तीन गड आजही वसते आहेत. महाराष्ट्रातील बहुसंख्य डोंगरी किल्ले ओस पडले असता ही गोष्ट विशेष लक्षणीय ठरते.

या वस्तीचे ऐतिहासिक स्वरूप समजण्यासाठी गडकरी ही संस्था ध्यानात घ्यावी लागते. गडाची राखण करणाऱ्या कुटुंबांस पायथ्याच्या जमिनी लावून दिलेल्या असत. चाकरी, शेत आणि रान यांचा तो एकच व्यवहार होता. शेजारच्या सामानगडावर १८४४ मध्ये झालेला गडकऱ्यांचा उठाव या जमिनींच्या व्यवस्थेत हात घातल्यामुळेच भडकला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडाचा विचार केवळ तटबुरुजांपुरता नाही. आधी पाणी पाहावे, गडावरील झाडे जतन करावीत, घेऱ्यातील झाडी तोडू देऊ नये, असा त्याचा रोख आहे. झाडी हाही एक तटच, ही त्यामागील दृष्टी होय.

आजच्या वारसायाद्यांत मात्र ही दृष्टी दुभंगलेली दिसते. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटाची ३९ ठिकाणे नैसर्गिक वारसा म्हणून स्वीकारली. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार आहेत. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदले गेले. त्यांत कोल्हापूर जिल्ह्याचा पन्हाळा आहे. चंदगड या दोन्ही याद्यांच्या बाहेर राहिला. भूमध्य समुद्रातील इबिझा बेटाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. तेथील समुद्रतळाची गवताळ कुरणे, फिनिशियन वसाहतीचे अवशेष व सोळाव्या शतकातील तटबंदी यांची १९९९ मध्ये संमिश्र वारसा म्हणून एकत्र नोंद झाली. चंदगडची योग्यता इबिझाएवढी आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. परंतु त्याचा विचार त्याच चौकटीत व्हावयास हवा.

तो न झाल्यास हानी कोणाची, हेही पाहिले पाहिजे. तालुक्यातील वनक्षेत्र अलीकडे संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले आहे. या शतकाच्या आरंभापासून कर्नाटकाच्या रानांतून हत्ती या भागात येऊ लागले असून शेतीची नासाडी हा शेतकऱ्यांचा नित्याचा प्रश्न झाला आहे. वनाची काळजी एका खात्याने, तटाची दुसऱ्याने घ्यावी आणि गडावर राहणाऱ्या माणसाने दोहोंच्या नियमांत वाट शोधावी, अशी स्थिती झाली, तर तरुण पिढी उतरून जाईल. मग तट उभे राहतील, पण गड जागता राहणार नाही.

संशोधकांसाठी एक व्यावहारिक सूचना करणे आवश्यक आहे. चंदगड १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापुरात आला. त्यामुळे येथील गडांची जुनी वर्णने कोल्हापूरच्या नव्हे, तर १८८४ च्या बेळगाव गॅझेटिअरात शोधावी लागतात. कागदपत्रांची ही वाट जितकी महत्त्वाची, तितकीच पायवाटही. गडावर जाणाऱ्या विद्यार्थ्याने बुरुजांची मापे घ्यावीत. त्याबरोबरच पाण्याची टाकी, शेतांची व देवराईची नावे, कुळांचे मान आणि सणांचा क्रम यांचीही नोंद करावी. दगड आणखी काही शतके वाट पाहील; ही माहिती सांगणारी पिढी तितका काळ थांबणारी नाही.