रंधायंत्राचा जीर्णोद्धार

'जीर्णोद्धार' हा शब्द आपण देवळांसाठी राखून ठेवला आहे. जुन्या यंत्राच्या वाट्याला फार तर दुरुस्ती येते, आणि तीही न परवडल्यास भंगारवाल्याचा काटा. इंग्लंड-अमेरिकेत मात्र शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची सुतारकामाची यंत्रे अडगळीतून शोधून काढून, गंज उतरवून ती पुन्हा चालती करणाऱ्या हौशी मंडळींची एक परंपराच तयार झाली आहे. देवळाच्या जीर्णोद्धारात जो प्रश्न हटकून उभा राहतो, तोच त्यांच्याही पुढे उभा राहतो: मूळ रूप म्हणजे नेमके कोणते? हाताने लाकूड सरकवण्याच्या रंधायंत्राचा इतिहास या प्रश्नाकडे जरा वेगळ्या दिशेने पाहायला लावतो.

या यंत्राची कुळकथा सॅम्युएल बेंथम या इंग्रज अभियंत्यापर्यंत मागे जाते. १७९१ साली त्याने पेटंट घेतलेले रंधायंत्र म्हणजे हातरंध्याचीच मोठी आवृत्ती होती. ते मागेपुढे सरकत असे. १७९३ च्या पेटंटात त्याने फिरत्या पात्यांचा विचार मांडला. सॅम्युएल हा तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमचा धाकटा भाऊ. जेरेमीने 'पॅनॉप्टिकॉन' नावाचा एक आदर्श तुरुंग कल्पिला होता, आणि तेथील अकुशल कैद्यांकडून सुतारकाम करून घेता यावे, हा या यंत्रांमागचा एक हेतू होता. तो तुरुंग काही उभा राहिला नाही. पण कसब माणसाच्या हातातून काढून यंत्रात भरता येते, हा विचार टिकला. पोर्ट्स्मथच्या नौदल गोदीत मार्क ब्रुनेलने आखलेली आणि हेन्री मॉड्स्लेने घडवलेली ४५ यंत्रे बेंथमच्याच पुढाकाराने बसली. जहाजाच्या दोरखंडांसाठी लागणाऱ्या लाकडी कप्प्या ती बनवीत. १८०८ साली तेथे सुमारे १,३०,००० कप्प्या तयार झाल्या, आणि ११० कुशल कारागिरांचे काम १० अकुशल माणसे करू लागली. त्यांतील काही यंत्रे आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहेत. उरलेल्या शंभर कारागिरांचे पुढे काय झाले, हे त्यांच्यावरून कळत नाही.

अमेरिकेत विल्यम वुडवर्थ या सुताराने १८२८ साली फिरत्या पात्यांच्या रंधायंत्राचे पेटंट मिळवले. मुदतवाढी घेत घेत ते १८५६ पर्यंत चालले आणि त्यावरचे खटले थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वुडवर्थच्या यंत्रात लाकूड रुळांच्या साह्याने आत ओढले जाई. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्या-कारखान्यांतून दिसू लागलेले साधे रंधायंत्र वेगळे होते: बिडाची दोन सपाट टेबले, त्यांच्या मधल्या फटीत मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेणारा पात्यांचा ठोकळा, आणि लाकूड दाबून पुढे सरकवणारे माणसाचे दोन हात.

हा ठोकळा चौकोनी असे. लोखंडाच्या चौरस दांड्याच्या बाजूंवर बोल्टांनी पाती आवळली, की काम झाले. घडवायला सोपा, दुरुस्तीला सोपा. दोष त्याच्या भूमितीतच होता. चौरसाचे कोपरे मध्यापासून लांब असतात आणि बाजू जवळ. त्यामुळे एक पाते निघून जाऊन दुसरे येईपर्यंत टेबलाच्या काठाशी क्षणभर मोठी पोकळी तयार होते. लाकडाला गाठ लागून ते उसळले आणि हात घसरला, तर बोट या पोकळीत उतरे आणि पुढचे पाते ते आत ओढून घेई. नुसत्या डोळ्यांना ही पोकळी दिसतही नाही; वेगामुळे ठोकळा गोलच भासतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत आणि अमेरिकेत गोल, म्हणजे दंडगोल, ठोकळे आले. यांत पाती खाचेत बसतात आणि त्यांची धार पृष्ठभागाबाहेर जेमतेम डोकावते. हात घसरला तर जखम होतेच, परंतु बोट ओढले जायला आत जागा नसते. ब्रिटनच्या १९२२ च्या लाकूडकाम यंत्रविषयक नियमांनी हाताने चालवायच्या रंधायंत्रावर दंडगोल ठोकळा सक्तीचा केला. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाना अधिनियमाखाली राज्यांनी जे नियम केले, त्यांतील सुतारयंत्रांच्या अनुसूचीत हीच अट आली. ती घालणे भाग पडावे इतकी बोटे तोवर गेली होती.

आता जीर्णोद्धाराकडे वळू. गंज काढणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भाग बुडवायचा, बॅटरी चार्जरचे ऋण टोक त्याला आणि धन टोक लोखंडाच्या टाकाऊ तुकड्याला जोडायचे. रात्रभरात तांबडा गंज सैल, काळा होऊन ब्रशने निघतो. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा घासायचा नाही. टेबलावर ग्राइंडर फिरवायचा नाही. त्याचा सपाटपणा एकदा गेला की यंत्राचा अर्थच गेला. खरे कौशल्य लागते ते बेअरिंगांना. आयझॅक बॅबिटने १८३९ साली पेटंट घेतलेली कथील, अँटिमनी आणि तांबे यांची मऊ मिश्रधातू वितळवून शाफ्टभोवती ओततात. धातू चिकटू नये म्हणून शाफ्टला आधी काजळी धरतात. वितळलेल्या रसात देवदाराची काडी बुडवून पाहतात. ती पेट न घेता करपली, की उष्णता योग्य. थंड झाल्यावर पृष्ठभाग हाताने खरवडून शाफ्टशी जुळवतात. असे बेअरिंग त्या एकाच शाफ्टचे असते, दुसऱ्याला चालत नाही.

ठोकळा आणि शाफ्ट बहुधा एकसंध असल्याने, पूर्वीच्या एखाद्या मालकाने चौकोनी काढून गोल ठोकळा बसवला असेल, तर बेअरिंगेही त्याने पुन्हा ओतलेली असण्याचा संभव असतो. काही उत्पादक जुन्या यंत्रांसाठी असे गोल ठोकळे मुद्दाम विकत. अशा यंत्रापुढे मूळ रूपाचा आग्रही उपासक अस्वस्थ होतो. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा यंत्र चौकोनी ठोकळ्याचे होते. मग तसाच ठोकळा मिळवून परत बसवला, तर तो खरा जीर्णोद्धार नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिने एक शहाणपणाचे तत्त्व सांगितले आहे: निरनिराळ्या काळांनी वास्तूत घातलेली मोलाची भर जपली पाहिजे, शैलीची एकात्मता साधणे हे जीर्णोद्धाराचे ध्येय नव्हे. यंत्रालाही हे लागू पडावे. गोल ठोकळा ही त्या यंत्रात झालेली भेसळ नाही. कुणाचे तरी बोट गेल्यावर, किंवा जाऊ नये म्हणून, कुणीतरी घेतलेल्या निर्णयाची ती नोंद आहे, आणि बहुतेक वेळा एकमेव नोंद. बिडाच्या अंगावर ठसठशीत अक्षरांत उत्पादकाचे नाव ओतलेले असते. त्यावर वीस-वीस वर्षे राबलेल्या माणसाचे नाव कुठेच नसते.

संग्रहालयात चौकोनी ठोकळा जरूर ठेवावा, शेजारी गोलही ठेवावा, आणि दोहोंमधला फरक पाहणाऱ्याला समजावून सांगावा. तेथे यंत्राला फिरायचे नसते. परंतु ज्याचा पट्टा पुन्हा चढणार आहे आणि ज्याच्यावर जिवंत माणसाचा हात पुन्हा लाकूड दाबणार आहे, त्या यंत्राच्या बाबतीत चौकोनी ठोकळा परत आणणे म्हणजे इतिहास जपण्याच्या नावाखाली त्यातला सर्वांत महाग पडलेला धडा पुसून टाकणे होय. गंज खुशाल काढावा. तो धडा मात्र राहू द्यावा.