ख्रिस्ती कला संग्रहालय, जुने गोवे

सांता मोनिका मठाच्या चर्चमधील ख्रिस्ती धार्मिक कलेचे संग्रहालय. ते १९९४ मध्ये राशोल सेमिनरीत सुरू झाले, २००२ मध्ये येथे आले आणि नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले. आर्चबिशप आलेशो द मेनेझेस यांनी १६०६ मध्ये व्रतस्थ स्त्रियांसाठी हा मठ स्थापला. मध्ययुगीन युरोपीय मठांप्रमाणेच येथेही मधल्या चौकोनी बागेभोवती कमानींचे सोपे आहेत.

संग्रहात हस्तिदंती व लाकडी मूर्ती, चांदीची उपासनापात्रे आणि धर्मगुरूंची भरतकाम केलेली वस्त्रे आहेत. पवित्र भाकर ठेवण्याचे पेलिकन पक्ष्याच्या आकाराचे चांदीचे पात्र निरखून पाहण्याजोगे आहे. स्वतःच्या छातीला चोच मारून पिल्लांना रक्त पाजणारा पेलिकन हे मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ताच्या बलिदानाचे प्रतीक होते. युरोपीय नमुन्यांना स्थानिक हिंदू व ख्रिस्ती कारागिरांनी आपले वळण दिले, हे या संग्रहाचे खरे वैभव.

चर्चचे दालन पाहताना मठाच्या वास्तूसाठीही वेळ राखून ठेवावा.