पुलाचा भार आणि कायद्याचे माप : मध्य मुंबईतील रेल्वेपुलांच्या इतिहासातील एक प्रकरण

रस्त्यावरून वा पुलावरून किती भाराचे वाहन जावे, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्याचा व पोलिसाचा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे काही त्यात प्रथमदर्शनी दिसत नाही. तथापि भाराची कायदेशीर मर्यादा ही निसर्गनियमातून आपोआप निघालेली संख्या नव्हे. वाहन बनविणारा, माल वाहणारा, रस्त्याचा धनी आणि पुलाचा धनी यांच्या परस्परविरोधी गरजांतून ती ठरते, आणि त्या गरजा बदलल्या म्हणजे तीही बदलते. गिरगावपासून दादरपर्यंतच्या रेल्वेपुलांचा इतिहास या दृष्टीने पाहिला असता एक विसंगती स्पष्ट होते. कायद्याने वाहनाचे वजन मोजले. पुलाने मात्र वाहनाबरोबर माणसांच्या समुदायाचाही भार सोसला. या दोहोंमधील अंतर अद्यापि पूर्णपणे भरून निघालेले नाही.

मुंबईतील या पुलांची निर्मिती रेल्वेच्या आगमनाचा अपरिहार्य परिणाम होय. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे हा मार्ग सुरू झाला आणि पुढील दोन दशकांत पश्चिमेकडील दुसरा मार्गही शहराच्या दक्षिण भागात येऊन पोचला. उत्तर-दक्षिण पसरलेल्या या अरुंद बेटाचे दोन लोहमार्गांनी उभे तीन पट्टे केले. पूर्वेस गोद्या व वखारी, मध्ये आणि पश्चिमेस कापडाच्या गिरण्या व चाळी, अशी वस्ती वाढत गेल्याने रूळ ओलांडणे हा शहराचा नित्यव्यवहार झाला. त्या गरजेतून पूल उभे राहिले. कर्नाक पूल १८६८ चा, हँकॉक पूल १८७९ चा, बेलासिस पूल १८९३ चा. पुढे शीवचा पूल १९१२ साली, एल्फिन्स्टनचा १९१३ साली आणि लोअर परळचा डिलाईल पूल १९२१ साली बांधला गेला. या काळात शहरातील मालवाहतुकीचे मुख्य साधन बैलांचा खटारा हे होते. लोखंडी धावेच्या चाकांनी रस्त्याचा पृष्ठभाग कुरतडला जाई हे खरे. परंतु खटाऱ्याचा एकूण भार बैलांच्या शक्तीनेच मर्यादित केलेला असे. त्यास वेगळ्या कायद्याची फारशी आवश्यकता नव्हती.

मोटारीने ही स्वाभाविक मर्यादा नाहीशी केली. अखिल भारतीय स्वरूपाचा पहिला मोटारविषयक कायदा १९१४ साली झाला. मालमोटारी व प्रवासी मोटारी वाढू लागताच रस्त्यांच्या दुरवस्थेचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९२७ साली मुंबईचे विख्यात कायदेपंडित मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमण्यात आली. समितीचा अहवाल १९२८ साली आला आणि त्याच विचारधारेतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. वाहनाच्या भाराचे नियमन १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात अधिक पद्धतशीर झाले. पुलांच्या बाबतीत, बांधणीच्या वेळी कोणता भार गृहीत धरावा यासंबंधीचे रोड्स काँग्रेसचे प्रकरण १९५८ साली प्रसिद्ध झाले. त्यातील 'अ' वर्गाचा भार म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या वाहनांची सुमारे ५५ टनांची एक काल्पनिक माळ होय. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मध्य मुंबईतील वर उल्लेखिलेले सर्व पूल या संहितेपूर्वीचे आहेत. ज्या मापाने पुढील काळात त्यांची परीक्षा व्हावयाची होती, ते माप त्यांच्या जन्मकाळी अस्तित्वातच नव्हते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात भारमर्यादेचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहताना दिसतात. कलम ११३ वाहनाकडे पाहते : नोंदणीपत्रात जो कमाल भार लिहिला असेल त्याहून अधिक भार घालून वाहन चालविता येत नाही. कलम ११५ मार्गाकडे पाहते : रस्त्याच्या वा पुलाच्या स्वरूपामुळे आवश्यक वाटल्यास शासनास अथवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्यास तेथे वाहनांना बंदी वा मर्यादा घालता येते. पहिली मर्यादा वाहनाबरोबर देशभर फिरते, तर दुसरी एका जागी खिळलेली असते. पहिलीच्या मागे वाहतूकदारांचे संघटित हितसंबंध उभे असतात. २००५ पूर्वी काही राज्यांत ठराविक शुल्क घेऊन जादा भाराला मुभा देण्याची पद्धत होती. परमजित भसीन यांच्या खटल्यात त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरविली. दुसऱ्या मर्यादेच्या मागे मात्र पुलाच्या वतीने बोलणारा कोणी नसतो. त्यातच शहरातील या पुलांचा रुळांवरील भाग रेल्वेकडे आणि पोचरस्ते महानगरपालिकेकडे अशी विभागणी असल्याने, पुलाचे पालकत्वही दुभंगलेले राहिले.

हे दोन प्रवाह विरुद्ध दिशांना कसे गेले हे जुलै २०१८ या एकाच महिन्यात पाहावयास मिळते. ३ जुलै रोजी अंधेरी येथील गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. १६ जुलै रोजी केंद्र शासनाने अधिसूचना काढून मालमोटारींची भारमर्यादा वाढविली. चार चाके असलेल्या एकेरी आसाचा भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेला, आणि दोन आसांच्या मालमोटारीचा एकूण भार १६.२ टनांवरून १८.५ टनांवर. त्यानंतर आठवडाभरात, २४ जुलै रोजी, लोअर परळचा डिलाईल पूल धोकादायक म्हणून वाहतुकीस बंद करण्यात आला. वाहनाची मर्यादा वर चढत होती, त्याच वेळी शहरातील पुलांची उतरत होती. वाढीच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद निराधार नव्हता. मालमोटारींची बांधणी सुधारली होती, महामार्गही सुधारले होते आणि वाहतुकीचा खर्च कमी करणे हे उद्दिष्ट रास्तच होते. परंतु या युक्तिवादाच्या नजरेसमोर नवा महामार्ग होता, परळचा शंभर वर्षांचा पूल नव्हता.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या विख्यात रस्ता-चाचणीतून असे आढळले की रस्त्याच्या पृष्ठभागाची झीज आसभाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. हा नियम लावल्यास १०.२ ऐवजी ११.५ टनांचा आस, भार केवळ अष्टमांशाने वाढला असता, दर फेरीस झीज सुमारे दीडपटीहून अधिक करील. पुलाच्या पोलादी तुळयांना हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही. तथापि थोड्या वाढीचा परिणाम थोडाच असतो हा सामान्य समज किती भ्रामक आहे, एवढे त्यावरून कळते.

आता या इतिहासाच्या दुसऱ्या अंगाकडे वळले पाहिजे. चिंचपोकळीचे सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ १९२० चे, लालबागचे १९३४ चे. गिरणगावातील या मूर्ती विसर्जनासाठी गिरगाव चौपाटीकडे निघतात तेव्हा दोन्ही लोहमार्ग ओलांडल्यावाचून त्यांना समुद्र गाठता येत नाही. २०२३ च्या उत्सवापूर्वी महानगरपालिकेने धोकादायक पुलांची यादी प्रसिद्ध केली. तीत करी रोड, आर्थर रोड अथवा चिंचपोकळी, भायखळा, महालक्ष्मी, केनेडी, फॉकलंड, प्रभादेवी आणि दादरचा टिळक पूल यांचा समावेश होता. करी रोड व चिंचपोकळी येथील पुलांवर एका वेळी १६ टनांपेक्षा अधिक भार येऊ देऊ नये, पुलावर नाचू नये, ध्वनिक्षेपक वाजवू नये व थांबून न राहता पुढे सरकावे, अशा सूचना मंडळांना देण्यात आल्या. ज्या मर्यादेचा जन्म मालमोटारीसाठी झाला, ती अशा रीतीने मिरवणुकीस येऊन भिडली.

या १६ टनांचा अर्थ काय? २०१८ पूर्वीच्या दोन आसांच्या एका भरलेल्या मालमोटारीएवढा हा भार आहे. आजच्या मर्यादेनुसार पूर्ण भरलेली तशीच मालमोटार कलम ११३ अन्वये निर्दोष असूनही या मापात बसत नाही. माणसांच्या भाषेत बोलावयाचे, तर सरासरी ६० किलो वजन धरता ही सुमारे २६५ माणसे होत. आणि यात मूर्ती, गाडी, ढोल-ताशे काहीच धरलेले नाही. विसर्जनाच्या रात्री पुलावर २६५ माणसे हा जमावच म्हणता येत नाही. अभियंत्यांना हे अज्ञात होते असेही नाही. शहराजवळच्या तसेच तीर्थक्षेत्रे व जत्रांच्या ठिकाणच्या पुलांवरील पादपथांसाठी चौरस मीटरला ४०० ऐवजी ५०० किलो भार धरावा, अशी तरतूद रोड्स काँग्रेसच्या संहितेत आहे. नाचण्यास मनाई करण्यामागेही जुना अनुभव आहे. १८३१ साली मँचेस्टरजवळील ब्रॉटन येथील झुलता पूल सैनिकांच्या एकसारख्या पदन्यासाने कोसळला, आणि पुलावर पाऊल मोडून चालण्याचा दंडक त्यानंतर ब्रिटिश सैन्यात रूढ झाला. ज्ञान होते, पण मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने जमाव हे वाहन नव्हे. त्यास नोंदणीपत्र नाही आणि कमाल भारही नाही. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २० हजार रुपये व प्रत्येक जादा टनास २ हजार रुपये असा दंड ठरविला. जमावाच्या बाबतीत असे परिमाण लावणे शक्य नाही. तेथे उरते ती पोलिसांची वाहतूक-व्यवस्था आणि मंडळांना केलेली विनंती.

दरम्यान जुन्या पुलांपैकी अनेकांचा इतिहास संपला आहे. हँकॉक पूल २०१६ साली आणि कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडण्यात आला. डिलाईल पूल नव्याने बांधला जाऊन नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्णतः खुला झाला. एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ रोजी, त्या वर्षीचा गणेशोत्सव पार पडल्यानंतर, बंद करण्यात आला. नवे पूल आधुनिक संहितेनुसार बांधले जात असल्याने हा प्रश्न काळाच्या ओघात सुटेल असे कोणी म्हणेल. परंतु जे पूल पाडले गेले तेही आपल्या काळी नवेच होते, आणि त्यांच्यावरील भार वाढत गेला तो त्यांच्या निर्मात्यांना विचारून नव्हे.

म्हणून पुलाची भारमर्यादा ही त्या पुलाच्या चरित्राचा भाग मानली पाहिजे. ती कोणी, केव्हा व कोणत्या परीक्षणावरून ठरविली, हे पुलागणिक लिहून ठेवले गेले आणि लोकांपुढे मांडले गेले, तरच तिला आदेशाचे बळ येईल. मालमोटारीसाठी नाक्यावर वजनकाटा आहे. चिंचपोकळीच्या पुलाच्या तोंडाशी मिरवणुकीसाठी असा काटा असू शकत नाही. तेथे मूर्तीभोवती दोर धरून गर्दी रोखणारा मंडळाचा कार्यकर्ता उभा असतो, आणि १६ टनांची ती मर्यादा प्रत्यक्षात पाळली जाणे न जाणे हे बव्हंशी त्याच्याच हाती असते. तो आकडा कशासाठी आहे हे त्याला सांगणे, हे यापुढील काम होय.