दिल्लीतील आरोग्यविमा आणि पंचविशीची सीमा

स्वतंत्र भारतात आरोग्यविम्याचा आरंभ ज्या दोन शहरांत झाला त्यांपैकी एक दिल्ली असली, तरी त्याचा सोहळा मात्र दिल्लीच्या वाट्याला आला नाही. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंनी राज्य कामगार विमा योजनेचे उद्घाटन केले ते कानपूरच्या ब्रिजेंद्र स्वरूप उद्यानात. दिल्लीच्या गिरण्या आणि कारखाने त्याच दिवशी योजनेखाली आले. दोन्ही शहरे मिळून सुमारे १,२०,००० कामगारांना विम्याचे संरक्षण लाभले. पहिले मानद विमेदार म्हणून पंडितजींनी स्वतः नोंदणीपत्रावर सही केली. ते तेव्हा ६२ वर्षांचे होते. पण ही योजना मुख्यतः ज्यांच्यासाठी होती ती माणसे निराळीच होती. मिसरूड फुटताच गाव सोडून गिरणीच्या फाटकाशी येऊन उभे राहणारे तरुण हे तिचे खरे धनी.

आजारपण ही केवळ देहाची नव्हे तर मजुरीचीही हानी आहे, हा विचार तसा नवा नव्हता. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये आणि इंग्लंडने १९११ मध्ये तो कायद्यात उतरविला होता. भारतात रॉयल कमिशनने १९३१ साली आजारविम्याची शिफारस केली, पण ती बरीच वर्षे कागदावरच राहिली. अखेर मार्च १९४३ मध्ये प्राध्यापक बी. पी. आदरकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आदरकरांनी १५ ऑगस्ट १९४४ रोजी अहवाल दिला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे तज्ज्ञ स्टॅक आणि राव यांनी तो तपासला, आणि १९ एप्रिल १९४८ रोजी कायदा झाला.

कायदा झाला तरी विमा सुरू होण्यास जवळजवळ चार वर्षे लागली. यामागे एक व्यावहारिक अडचण होती, आणि ती मोठी बोलकी आहे. विमा आधी मोजक्याच शहरांत आणावयाचा, तर वर्गणीचा बोजाही तेथल्याच कारखानदारांवर पडणार; इतर ठिकाणचे प्रतिस्पर्धी मात्र मोकळे राहणार! तेव्हा १९५१ मध्ये दुरुस्ती करून देशभरच्या मालकांवर थोडीथोडी वर्गणी बसविण्यात आली. योजना लागू झालेल्या ठिकाणी ती मजुरीच्या एकूण रकमेवर सव्वा टक्का, आणि अन्यत्र पाऊण टक्का. अमृतसरच्या वा अहमदाबादच्या मालकाने दिल्लीच्या कामगाराच्या औषधासाठी पैसे भरावेत, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

महामंडळाचे पहिले महासंचालक डॉ. चुनीलाल कटियाल हेही या कामास साजेसे गृहस्थ होते. लंडनमधील फिन्सबरी विभागाचे ते १९३८ साली महापौर झाले होते, आणि तेथील सुप्रसिद्ध आरोग्यकेंद्राच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. गोलमेज परिषदेच्या दिवसांत गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन यांची भेट झाली तीही त्यांच्याच घरी.

आरंभी विम्याची मर्यादा दरमहा ४०० रुपये पगाराची होती. आजारी कामगारास औषध मिळे आणि मजुरीच्या सुमारे निम्मा रोख भत्ताही मिळे. त्याच्या बायकामुलांना मात्र काहीच नसे. कमावणारा हात तेवढा राखावा, असा यातील हिशेब. कुटुंबीयांना औषधोपचार देण्यास १९५८ पासून प्रारंभ झाला. म्हणजे पहिल्या सहा वर्षांत विम्याच्या छपराखाली होता तो कामावर लागलेला तरुण, आणि बाहेर होते ते त्याचे घर.

दुसरी योजना नेमकी याच्या उलट्या टोकाने निघाली. १९५४ मध्ये दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरांसाठी वर्गणीवर चालणारी आरोग्यसेवा सुरू झाली. फायलींच्या राजधानीत आलेल्या मराठी कुटुंबांनाही ती लवकरच परिचयाची झाली. येथे कार्ड एकाचे, पण औषध साऱ्या कुटुंबाला. साहजिकच कुटुंब कोठे संपते, हा प्रश्न उपस्थित झाला. आजचा नियम असा, की मुलगा कमावू लागेपर्यंत, त्याचे लग्न होईपर्यंत किंवा त्याला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर तो वडिलांच्या वा आईच्या कार्डावर राहतो. अपंग मुलास वयाची ही अट नाही. मुलीला तर वयाची मर्यादाच नाही. ती कमावती झाली किंवा तिचे लग्न झाले म्हणजे नाव निघते. नियम करणाराने मुलगा पंचविशीत मिळवता होणार असे धरले, आणि मुलगी सासरी जाणार असे. दोन्ही गृहीते एका विशिष्ट काळातील आहेत. शिक्षण लांबले आहे आणि स्पर्धापरीक्षांची तयारीही लांबली आहे. मुखर्जीनगर आणि जुने राजेंद्रनगर येथील खोल्यांत सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी पुस्तकांत बुडालेले हजारो तरुण या हिशेबात बसत नाहीत. अमेरिकेने २०१० च्या कायद्याने पालकांच्या विम्यावर राहण्याची सीमा सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत नेली, तीही याच अडचणीपोटी.

नोकरी लागली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. कामगार विम्यात औषधोपचार आरंभापासून मिळतो. पण आजारपणाच्या रोख भत्त्यासाठी नवख्यास सुमारे नऊ महिने थांबावे लागते, आणि अठ्ठ्याहत्तर दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ओखला, फरिदाबाद, मानेसर येथे ठेकेदाराकडून ठेकेदाराकडे फिरणाऱ्या पोराची वर्गणी एवढी सलग भरेल, याची शाश्वती कोण देणार? उलट, ज्याचा पगार २०१७ मध्ये ठरलेल्या २१,००० रुपयांच्या मर्यादेपेक्षा थोडा जास्त, तो नोएडातील कारकून या विम्याच्या बाहेर पडतो, आणि मालकाने वेगळी सोय केली नसेल तर १९८६ पासून बाजारात आलेल्या मेडिक्लेमसारख्या पॉलिसीकडे त्याला वळावे लागते. वास्तविक धडधाकट वयात असा विमा स्वस्त पडतो. परंतु त्याच वयात तो घ्यावा असे क्वचितच कोणास वाटते.

१९६१ च्या कायद्याखाली नेमलेला शिकाऊ उमेदवार तर कामगार विम्याच्या व्याख्येतूनच वगळलेला आहे. कामावर असताना इजा झाली तर त्याला भरपाई मिळते. ताप आला तर मात्र त्याने सरकारी इस्पितळाची रांग धरावयाची. त्याच यंत्रावर शेजारी उभ्या असलेल्या कामगाराचे कार्ड त्याला चालत नाही. आणि तोवर पंचविशी उलटली असेल, तर वडिलांचेही चालत नाही.