रोगाची वंशावळ

साथीच्या रोगाचा इतिहास म्हटला कीं जंतु, सूक्ष्मदर्शक यंत्र आणि लस ह्यांचीच कथा आपल्या डोळ्यांपुढें येते. ती कथा खोटी नाहीं. पण अपुरी आहे. रोग शरीरांत शिरतो खरा, तथापि शरीरापर्यंत तो पोंचतो माणसांच्या चालीरीतींच्या वाटेनें. कोण कोणाबरोबर जेवतो, प्रेताला कोण हात लावतो, मुलें कोणाजवळ निजतात, हे प्रश्न वरकरणीं वैद्यकाचे नव्हेत. आणि तरीहि कित्येकदां उत्तर त्यांतच दडलेलें असतें. न्यू गिनी बेटांतील ‘कुरू’ रोगाच्या शोधाचा इतिहास ह्याची उत्तम साक्ष देतो, म्हणून तो येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या बेटाच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखांत, ओकापाच्या आसपास, फोरे नांवाचे लोक राहतात. विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांची वस्ती सुमारें ११,००० होती आणि मुलूख ऑस्ट्रेलियाच्या अमलाखालीं होता. ‘कुरू’ म्हणजे त्यांच्या भाषेंत कांपरें. रोग्याचा प्रथम तोल जाई, मग अंग कांपूं लागे, वाचा जाई, आणि बहुधा वर्षभरांत मृत्यु येई. व्हिन्सेंट झिगास व कार्लटन गायडुसेक ह्या डॉक्टरांनीं १९५७ सालीं ह्या रोगाचें वर्णन जगापुढें मांडलें. त्या सुमारास दरसाल २०० च्या आसपास माणसें त्यानें दगावत होतीं. त्यांत प्रौढ स्त्रिया व मुलें ह्यांचाच भरणा असे. प्रौढ पुरुष फार थोडे. ताप नाहीं, दाह नाहीं, संसर्गाची एकहि परिचित खूण नाहीं. रोग कुटुंबांकुटुंबांतून चालतो असें मात्र दिसे. तेव्हां हा आनुवंशिक दोष असावा, असा तर्क शास्त्रज्ञांनीं केला. हा तर्क केवळ कागदावरचा नव्हता. दोष इतरत्र पसरूं नये म्हणून फोरे लोकांस त्यांच्या मुलखांतच अडवून ठेवावें, असाहि विचार त्या काळीं झाला. विद्वानांचें अनुमान चुकलें तर त्याची शिक्षा कोणास भोगावी लागते, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१९६१ सालीं रॉबर्ट ग्लास व शर्ली ग्लास (ह्याच पुढें लिंडेनबाउम ह्या नांवानें प्रसिद्धीस आल्या) हें मानवशास्त्रज्ञ दांपत्य फोरे लोकांत येऊन राहिलें. त्यांच्याकडे काम होतें वंशावळी जमविण्याचें. म्हणजे आनुवंशिकतेचा तर्क पडताळण्याचेंच. परंतु वंशावळी लिहितां लिहितां दोन गोष्टी बाहेर आल्या. पहिली ही कीं, फोरे ज्यांस भाऊ, बहीण, मामा म्हणत ते सर्वच रक्ताचे नसत. शेजार, स्नेह, आश्रय ह्यांवरूनहि नातें जोडलें जाई, आणि तें मनापासून पाळलें जाई. मानलेल्या भावाला ओवाळणाऱ्या आमच्या समाजास ह्यांत नवल वाटूं नये. पण रोग एका कुटुंबांत आढळतो म्हणून तो रक्तांतून उतरतो, असें मानणाऱ्या गणितास ह्या गोष्टीनें धक्का दिला. दुसरी गोष्ट म्हाताऱ्या माणसांनीं सांगितली: हा रोग आमच्या देखत आला. त्यांच्या आठवणी गांवोगांव ताडून पाहतां असें दिसलें कीं, १९२० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत रोग उत्तरेकडून दक्षिणेकडील गांवांत पोंचला होता. आनुवंशिक दोष असा पाहतां पाहतां गांवामागून गांव चालत जात नाहीं.

मग चालत होतें तें काय? मेलेल्या आप्ताचें मांस खाण्याची चाल फोरे लोकांत होती. ती शत्रुत्वाची नव्हे, शोकाची व ममतेची होती. तींत स्त्रियांचा व त्यांच्याजवळील लहान मुलांचा भाग मोठा. प्रौढ पुरुष बहुधा तिच्यापासून दूर राहत, आणि मुलगे वाढले म्हणजे आईजवळून निघून पुरुषांच्या निराळ्या घरीं राहावयास जात. मृत्युसंख्येंतील जो फरक डॉक्टरांस कोडें होऊन बसला होता, तोच ह्या चालीच्या वाटणींत उमटलेला होता. सरकार व मिशनरी ह्यांच्या दडपणामुळें १९६० च्या सुमारास चाल बंद पडली, आणि त्यानंतर जन्मलेल्या पिढीस कुरूनें शिवलें नाहीं. १९६६ सालीं गायडुसेक व त्यांचे सहकारी ह्यांनीं रोग्याच्या मेंदूच्या अंशानें हा रोग चिंपांझींस जडतो हें दाखविलें, आणि १९७६ सालीं गायडुसेक नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. रोग अंगांत किती काळ दबा धरून बसतो, हेंहि पुढें कळलें: १९९६ ते २००४ ह्या अवधींत आढळलेले ११ रोगी सर्व १९५० पूर्वीं जन्मलेले होते.

स्वतः फोरे लोक मात्र हें सारें चेटुक समजत. १९६२-६३ च्या सुमारास सभा भरवून, हा घात आतां थांबवा, असें ते संशयितांस विनवीत. बाहेरचा मनुष्य ह्याला अडाणीपणा म्हणून मोकळा होईल. लिंडेनबाउमबाईंनीं १९७९ सालच्या आपल्या ग्रंथांत तसें केलें नाहीं. बायका मरत चालल्या होत्या, मुलें पोरकीं होत होतीं. आपला समाजच उरणार नाहीं, ही भीति त्या सभांतून बोलत होती. रोगाचें कारण म्हणून चेटुक खोटें. पण दुःखाचा दाखला म्हणून तें खरें, आणि इतिहासकारानें तो टिपलाच पाहिजे.

प्रयोगशाळेवांचून मानवशास्त्रज्ञांचें अनुमान सिद्ध झालें नसतें, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. पण प्रयोगशाळेस कोठें पाहावें हें सुचविलें तें म्हाताऱ्यांच्या आठवणींनीं. हा धडा विसरण्याची किंमत पश्चिम आफ्रिकेंत पुन्हां मोजावी लागली. २०१४ सालीं गिनी, सिएरा लिओन व लायबेरिया ह्या देशांत इबोलाची साथ पसरली. तींत ११,००० हून अधिक लोक मेले. प्रेतास स्नान घालण्याच्या विधींतून संसर्ग होई हें खरें; परंतु आप्तांस दूर सारून प्रेतें नेऊं लागतांच लोक रोगी व प्रेतें लपवूं लागले. मानवशास्त्रज्ञांच्या सल्ल्यानें दफन सुरक्षित आणि सन्मानाचेंहि असावें, असा नियम त्याच वर्षीं झाला, तेव्हां कोठें विरोध ओसरूं लागला.

ज्याच्या घरीं मृत्यु आला आहे त्याच्याजवळ बसून त्याचें ऐकणें ही केवळ दयेची गोष्ट नव्हे. कुरूच्या इतिहासांत ती शास्त्राचीच एक पायरी ठरली आहे.